सुरकुत्या शेवटी: लाइबलच्या चित्रातल्या तीन बायका आणि तुमच्या आजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आजींचं तैलरंगातलं पोर्ट्रेट करताय, मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून. समोर आदर्श म्हणून एकोणिसाव्या शतकातला जर्मन चित्रकार विल्हेल्म लाइबल याच्या ‘चर्चमधल्या तीन स्त्रिया’ या चित्राची छापील प्रत लावली आहे. प्रत्येक सुरकुती मन लावून काढलीत, तरी चेहरा ‘भेगाळलेल्या मातीसारखा’ दिसतो आणि आजी आजींसारख्या वाटत नाहीत. मागे पडकी भिंत आणि मिणमिणता कंदील घातला तर भाव वाढेल का, असंही तुम्ही विचारलंय.

कंदिलाचं नंतर बोलू. आधी चेहरा.

मी तीस वर्षं पोर्ट्रेट करते आणि तुमचीच चूक मी माझ्या पहिल्या मोठ्या कामात केली होती. एका कुटुंबानं त्यांच्या आईचं चित्र सांगितलं होतं. आई ऐंशीच्या पुढच्या. मी कपाळावरची एकूण एक रेघ उतरवली, गालावरची जाळी उतरवली आणि मला वाटलं, हेच खरं वास्तववादी काम. चित्र बघून थोरली मुलगी म्हणाली, “आमची आई एवढी म्हातारी नव्हती हो.” त्या आई समोरच खुर्चीत बसल्या होत्या, माझ्या चित्राइतक्याच सुरकुत्या अंगावर घेऊन. तरी मुलीचं म्हणणं खरं होतं. ते का खरं होतं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली, आणि कळलं त्यात लाइबलचा वाटा मोठा आहे.

तुम्ही निवडलेलं चित्र कसं झालं ते नीट माहीत असलं तर तुमचा अर्धा प्रश्न सुटेल. लाइबल 1844 साली कोलोनला जन्मला, म्युनिकच्या अकादमीत शिकला. 1869 साली म्युनिकला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, तिथे गुस्ताव्ह कूर्बे या फ्रेंच वास्तववादी चित्रकारानं त्याचं काम पाहिलं आणि त्याची वाखाणणी केली. लाइबल पॅरिसला गेला, 1870च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारमान्य चित्रप्रदर्शनात, त्याला सुवर्णपदक मिळालं आणि त्याच वर्षी फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटल्यामुळे तो परत आला. पुढे म्युनिकमध्ये राहून नाव आणि पैसा दोन्ही कमावता आला असता. त्यानं 1873 साली शहर सोडलं आणि उरलेलं आयुष्य वरच्या बव्हेरियातल्या खेड्यांमध्ये काढलं. अखेरपर्यंतचा सोबती होता योहान श्पेर्ल हा चित्रकार मित्र. बेर्बलिंग हे त्यातलंच एक लहानसं गाव. तिथल्या चर्चच्या बाकावर गावातल्याच तीन बायका बसवून त्यानं हे चित्र 1878 साली सुरू केलं. ते संपायला तीन वर्षांहून जास्त काळ गेला.

तीन वर्षं, आणि तीही चर्चमध्येच. आईला लिहिलेल्या पत्रांत तो तिथल्या थंडीबद्दल लिहितो: आत थडग्यासारखा गारठा असतो, बोटं ताठरतात, कधी कधी अंधार इतका की चेहऱ्याचे बारकावे दिसत नाहीत. आपल्याकडे खिडकीशी बसून पंखा लावून काम करणाऱ्या माझ्यासारखीला ते वाचून लाज वाटते. त्याच पत्रव्यवहारात एक सुंदर गोष्ट आहे. गावातले काही शेतकरी चित्र बघायला आले आणि चित्रासमोर नकळत त्यांचे हात जोडले गेले. लाइबलनं लिहिलंय की चित्रकारांच्या मतापेक्षा या साध्या माणसांच्या मताला तो जास्त किंमत देतो.

हे चित्र आज हाम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात आहे. मी ते एकदाच पाहिलं आहे. पहिला धक्का आकाराचा बसतो. छापील प्रतीवरून ते भिंतभर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते 113 बाय 77 सेंटिमीटर आहे, महोगनीच्या फळीवर. ही फळी महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा. कॅनव्हासला विणीचा दाणा असतो, तो ब्रशला अडवतो आणि रंग तुटक बसतो. घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावर बारीक ब्रश लोण्यासारखा फिरतो. तुम्ही बाजारातल्या जाड विणीच्या तयार कॅनव्हासवर लाइबलची सफाई आणायला बघताय, म्हणजे खडबडीत रस्त्यावर रांगोळी घालण्यासारखं. तसं बारीक काम हवंच असेल तर चांगल्या प्लायवर किंवा एमडीएफवर जेसोचे (रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचे) चार-पाच हात द्या, प्रत्येक हात बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि मागची बाजूही विसरू नका. पावसाळ्यात एकाच बाजूनं लेप दिलेली फळी हमखास वाकते.

आता मूळ मुद्दा, सुरकुत्या.

सुरकुती म्हणजे रेघ नव्हे. ती घडी आहे. कापडाच्या घडीला जशी एक बाजू उजेडाची, एक सावलीची आणि मध्ये एक वळण असतं, तसंच तिलाही असतं. तुम्ही बारीक ब्रशनं बर्न्ट अंबरची, म्हणजे गडद तपकिरी, रेघ ओढता तेव्हा तिला फक्त काळेपणा मिळतो, खोली मिळत नाही. तुमच्या चित्राचा फोटो मी मोठा करून पाहिला. कपाळावरच्या सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या, सारख्याच गडद आणि दोन्ही कडांना सारख्याच धारदार आहेत. खऱ्या सुरकुतीची एक कड धारदार असते आणि दुसरी विरघळते. आत तिचा रंगही काळा नसतो. त्वचेच्या दोन बाजू समोरासमोर आल्या की उजेड एकीवरून दुसरीवर पडतो, त्यामुळे खोलवरचा रंग उबदार, तांबूस असतो. तिथे अंबरऐवजी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि थोडं अलिझरिन (गडद लाल) घालून बघा. भेगेची त्वचा होईल.

दुसरी गोष्ट, आणि ती फार थोडे लोक सांगतात. सुरकुत्या चेहऱ्यावर सगळीकडे सारख्या दिसत नाहीत. जिथे उजेड थेट पडतो तिथे त्या जवळजवळ नाहीशा होतात. पूर्ण सावलीतही हरवतात. त्या सगळ्यात जास्त दिसतात ते उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात, कारण तिथे उजेड तिरका, घासून जातो. शेतात संध्याकाळी नांगराच्या सऱ्या जशा उठून दिसतात आणि भर दुपारी सपाट वाटतात, तसंच. म्हणून आजींना खिडकीशी बसवल्यावर आधी तो पट्टा शोधा: कपाळाच्या कडेनं, गालफडाच्या हाडावरून, ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारा. तुमच्या नव्वद टक्के सुरकुत्या त्या पट्ट्यात ठेवा आणि बाकीच्या चेहऱ्यावर त्यांची नुसती चाहूल द्या. मोबाइलचा कॅमेरा नेमकं उलटं करतो. तो प्रत्येक कड आपोआप धारदार करतो, आणि जवळून फोटो काढला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. तुमच्या चित्रात आजींचं नाक मोठं झालंय ते तुमच्या हातामुळे नाही, फोन दीड हातावर धरल्यामुळे झालंय.

सुरकुत्यांची दिशाही आपोआप येत नाही, ती स्नायूंवरून ठरते. स्नायू ज्या दिशेला ओढतो, घडी त्याच्या आडवी पडते. कपाळाचा स्नायू वर-खाली ओढतो म्हणून तिथल्या सुरकुत्या आडव्या. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल आहे म्हणून तिथल्या सुरकुत्या सूर्याच्या किरणांसारख्या बाहेर पसरतात. ओठांभोवतीही गोल स्नायू, म्हणून वरच्या ओठावर उभ्या घड्या. हे एकदा समजलं की फोटोत अंधूक असलेली जागाही तुम्हाला न चुकता रंगवता येते.

पण खरं म्हातारपण सुरकुत्यांत नसतंच. ते कवटीत असतं. वय होतं तशी त्वचेखालची चरबी कमी होते, कानशील खोल जातं, डोळ्याच्या खोबणीची कड आणि गालफडाचं हाड वर येतं. दात गेले की जबडा आखडतो, हनुवटी नाकाकडे सरकते आणि ओठांची लाल कड आत वळून हरवते. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर होतो. पुष्कळ वृद्धांच्या बुबुळाभोवती फिकट करडं कडं येतं. वरची पापणी कोपऱ्यात खाली झुकते. हे आकार बरोबर आले तर एकही सुरकुती न काढता समोरच्या बाईचं वय सत्तर की पंच्याऐंशी, ते बघणाऱ्याला कळतं. माझ्या त्या पहिल्या चित्रात मी तरुण कवटीवर म्हातारी कातडी पांघरली होती. मुलीला आईची हाडं दिसली नाहीत, म्हणून तिला आई दिसली नाही.

तुम्हाला पुरावा हवा असेल तर लाइबलचंच दुसरं चित्र बघा. 1869-70 मध्ये पॅरिसला असताना त्यानं एका वृद्ध पॅरिसकर बाईचं चित्र केलं. ते कोलोनच्या वालराफ-रिचार्ट्झ संग्रहालयात आहे. तिथे बेर्बलिंगची बारीक सफाई शोधून सापडणार नाही. रुंद ब्रशचे ओले, मोकळे फटकारे आहेत, तरी बाईचं वय पुरेपूर जाणवतं. तोच माणूस आठ-दहा वर्षांनी होल्बाइन या सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रकाराची आठवण यावी इतकं काटेकोर काम करतो आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा सैल ब्रशकडे वळतो. म्हणजे वास्तववाद बारीक रेघांत असतो हा तुमचा समज निदान लाइबलच्या हातानं तरी खोडून काढलेला आहे.

आता त्याच्या पद्धतीबद्दल, कारण ती तुम्ही उचलायचा प्रयत्न केलेला दिसतोय. लाइबल आधी कोळशाची रेखाटनं, मग करडा थर, मग रंग अशा पायऱ्यांनी जात नसे. तो एक तुकडा घ्यायचा, समजा एक गाल किंवा एक हात, आणि तो ओल्या रंगात ओला रंग मिसळत शक्यतो एकाच बैठकीत पुरा करायचा. मनासारखा झाला नाही तर रंग खरवडून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा पुन्हा. शेजारचा तुकडा मग त्याला जोडून. म्हणूनच त्या चेहऱ्यांवर थरावर थर चढवल्याचा मातकटपणा नाही आणि प्रत्येक भाग आजच रंगवल्यासारखा ताजा आहे. तुमच्या चित्रात गालावर चार वेळा दुरुस्ती केलेली दिसते. खालचा अर्धवट सुकलेला रंग वरच्यात मिसळून सगळं राखाडी झालंय. त्याच्याकडून घ्यायचं असेल तर हे खरवडणं घ्या. पॅलेट नाइफनं दिवसाचं काम पुसून टाकायला छाती लागते, पण मातकट गालावर पाचवा थर देण्यापेक्षा ते हजार पटींनी चांगलं.

आपल्या हवेत एक अडचण आहे. उन्हाळ्यात रंग लवकर ओढायला लागतो, त्यात अंबर तर सगळ्यांत आधी सुकतं. दिवसभर रंग ओला हवा असेल तर पॅलेटवरच्या रंगात लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब मिसळा. एखादाच. जास्त घातलं तर थर महिनोन् महिने चिकट राहतो आणि पुढे कमकुवत होतो.

मात्र तुकड्या-तुकड्यानं पूर्ण चित्र करू नका, हे मी अगदी आग्रहानं सांगते. या पद्धतीची किंमत खुद्द लाइबलनं मोजली आहे. तीन स्त्रियांच्या चित्रातही पुढच्या तरुणीचे हात आणि मांडी यांचं प्रमाण तिच्या चेहऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. तो फार जवळ बसून रंगवत होता. त्याच्या पुढच्या मोठ्या चित्रात, चोरट्या शिकाऱ्यांच्या, हा दोष वाढला. शेतकऱ्याच्या अरुंद खोलीत मागे सरून बघायला जागाच नव्हती. 1882 ते 1886 अशी चार वर्षं त्यात गेली, पॅरिसला चित्राचं स्वागत थंड झालं आणि लाइबलनं ते चित्र कापून त्याचे तुकडे केले. त्यातले काही तुकडे आज संग्रहालयांत आहेत, आणि एकेक डोकं बघितलं तर थक्क व्हायला होतं. एकेक डोकं अप्रतिम आणि सगळं मिळून चित्र उभं राहिना. एवढ्या मोठ्या हाताचं हे झालं. तेव्हा तुम्ही आधी पातळ अंबरनं सगळा चेहरा, हात, लुगडं मोठ्या आकारांत मांडून घ्या. दर दहा मिनिटांनी सहा-सात पावलं मागे जा. पाठमोरं उभं राहून हातातल्या आरशात चित्र बघा, प्रमाणाची चूक उलट्या प्रतिमेत लगेच बोचते. हे सगळं बसलं की मग एका तुकड्यात लाइबलसारखं बुडून जा.

रंगांची एक चूक मात्र तुमची स्वतःची नाही, छापील प्रतीची आहे. त्या बायका गोऱ्या बव्हेरियन आहेत. त्यांच्या गालांचा गुलाबी रंग तुम्ही आजींना लावलात आणि तो वर तरंगतोय. आजी कोकणातल्या, जन्मभर भाताच्या शेतात उन्हात वाकलेल्या. सावळ्या, रापलेल्या त्वचेवर उजेडाची तिरीप गुलाबी नसते, खिडकीतून आभाळाचा उजेड येत असेल तर ती चक्क थंड, निळसर असते. उबदारपणा असतो मधल्या छटेत आणि सावलीत. यलो ओकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा, एवढ्यावर सगळा चेहरा होतो. निळ्याची ट्यूब उघडूच नका. काळ्यात पांढरा मिसळून जो करडा होतो तो ओकरशेजारी ठेवला की निळा दिसतो. हाताच्या शिरा त्याच रंगानं करा, खऱ्या निळ्यानं केल्या तर त्या गोंदवल्यासारख्या वाटतील.

हातांचा विषय निघालाच आहे. तुम्ही आजींचे हात पदराखाली लपवलेत. हात अवघड असतात, हे मला कळतं. पण लाइबलच्या चित्रात बायकांचं आयुष्य जितकं चेहऱ्यांत आहे तितकंच हातांत आहे. प्रार्थनेचं पुस्तक धरलेली बोटं बघा. ती कामाची बोटं आहेत, नाजूक वस्तू धरण्याची त्यांना सवय नाही आणि तरी ती किती जपून धरतात. शेतात राबलेल्या हाताची पेरं जाड होतात, बोटं पूर्ण सरळ होत नाहीत, मागची त्वचा सैल पडते आणि ओढली तर घडी तशीच राहते. नखं जाड, उभ्या रेघांची. आजींचे हात बाहेर काढा. मला विचाराल तर चेहऱ्याच्या आधी हातच रंगवा.

आता कंदील आणि पडकी भिंत. घालू नका. लाइबलच्या काळी म्युनिकमध्ये शेतकऱ्यांची चित्रं खूप खपत होती. फ्रान्झ फॉन डेफ्रेगरसारखे चित्रकार गावाकडचे प्रसंग रंगवत, त्यात गोष्ट असे, गंमत असे, डोळ्यात पाणी आणणारे क्षण असत. शहरातल्या दिवाणखान्यांना ते आवडे. लाइबल त्याच भागातल्या त्याच माणसांत राहिला आणि त्यानं गोष्ट सांगायचं नाकारलं. त्याच्या तीन बायकांना काही होत नाही. त्या गरीब आहेत म्हणून आपण हळहळावं अशी एकही खूण चित्रात नाही. तरुणीचं चौकड्यांचं कापड, बाकाची नक्षी, वयस्क बाईचा चेहरा, सगळ्याला एकच लक्ष, एकच आदर. माणूस जसा आहे तसा रंगवा, आत्मा त्यात येतोच, असं तो म्हणत असे. कंदिलामुळे बघणाऱ्याला आजींची कीव येईल. तुम्हाला त्यांची कीव येते का? तुम्ही लिहिलंत की त्या अजून पहाटे उठून चूल पेटवतात आणि पाटाच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडतात. मग त्या बाईला पडक्या भिंतीशी का बसवायचं?

त्या चित्रातली आणखी एक गोष्ट मला तुमच्या दृष्टीनं सगळ्यात उपयोगाची वाटते. तिघींतली एकही आपल्याकडे बघत नाही. त्या चित्रासाठी म्हणून बसल्यासारख्या दिसत नाहीत, प्रार्थना करतायत. माणूस ‘चित्रासाठी’ बसला की दहा मिनिटांत चेहरा लाकडी होतो, म्हाताऱ्या माणसांचा तर लवकरच, कारण त्यांना आपण कसे दिसतो याचा संकोच असतो. हातात रोजचं काम असलं की तो निघून जातो. आजी काय करतात दुपारी? पोथी वाचतात, वाती वळतात, तांदूळ निवडतात, जे असेल ते करू द्या. वाती वळणाऱ्या बाईची मान एका ठरावीक कोनात पुन्हा पुन्हा येते, तोच कोन पकडा. फोटो बाजूला ठेवा. वीस-वीस मिनिटांच्या बैठका, मध्ये चहा, पाठीला तक्क्या, पाय टेकायला पाट. रोज त्याच वेळी, म्हणजे खिडकीचा उजेड सारखा राहील. पंधरा दिवस असे मिळाले तरी फोटोतून वर्षभरात मिळणार नाही इतकं मिळेल.

पाठीमागे साधी, मधल्या छटेची भिंत पुरे. लुगडं गडद असेल, चंद्रकळा असेल तर ट्यूबमधला काळा तसाच लावू नका. गडद कापडातही तीन-चार छटा असतात, डोळे अर्धे मिटून शोधा. आणि कोणतं लुगडं नेसायचं ते आजींनाच ठरवू द्या. बेर्बलिंगची ती तरुणी तिच्या सणावाराच्या पोशाखात आहे. आजींनी पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं तर ‘शेतकरीण वाटत नाही’ म्हणून त्यांना ते बदलायला लावू नका.

पहिल्या बैठकीत फक्त हात करा आणि संध्याकाळी पसंत पडले नाहीत तर खरवडा. दुसऱ्या दिवशी आजींना पुन्हा त्याच जागी बसवा.